ॲनोप्लोफोरा ग्लॅब्रिपेनिस आणि चायनेन्सिस : ठिपके मोजून फरक कळतो का?

ओसाकाहून तुम्ही एका भुंगेऱ्याचा फोटो टाकून विचारलंत, की काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेल्या, झाड पोखरणाऱ्या या दोन जातींपैकी हा कोणता, ठिपके मोजून कळेल का? नाही. ठिपके मोजणं आधी बंद करा. एकाच झाडावरच्या दोन भुंगेऱ्यांचे ठिपके जुळत नाहीत. तुमच्या फोटोत पंखांचा खांद्याकडचा भागच धूसर आलाय, आणि बघायचं असतं ते नेमकं तिथेच.

मी कोबेत राहते. देवगडला आंब्याची खोडं पोखरणारं भिरूड बघत वाढले, त्यामुळे लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचं मला अप्रूप नाही. इथे चायनेन्सिस संत्र्याच्या बागांचा जुना शत्रू. २०२०च्या सुमारास आमच्या हिओगो प्रांतात ग्लॅब्रिपेनिसही सापडू लागला. आमच्या निसर्गप्रेमींच्या गटातल्या एका ज्येष्ठांनी रस्त्याकडेच्या कात्सुराच्या झाडावरचा भुंगेरा उचलला, ठिपके मोजले आणि 'आपला नेहमीचाच' म्हणून सोडून दिला. भिंगातून बघा म्हटलं, तर सगळ्यांसमोर मलाच गप्प बसवलं. पुढे त्याच झाडावर दुसरा मिळाला. तो मी भिंगाखाली धरला. पंखांच्या मुळाशी काळाभोर, गुळगुळीत, एक दाणा नाही. चायनेन्सिसला तिथे बारीक दाण्यांची दाटी असते, बोट फिरवलं तरी खरखर लागते. दोन पंखांच्या मधला इवलासा त्रिकोणही काळाच होता. इथल्या चायनेन्सिसचा बहुधा पांढरट असतो. ग्लॅब्रिपेनिसच होता तो! फोटो गटावर टाकला, त्यावर त्या गृहस्थांनी आजवर चकार शब्द काढलेला नाही.

झाडही बघा. चायनेन्सिसची अळी बुंध्यात आणि मुळांत, म्हणून भोकं जमिनीलगत. ग्लॅब्रिपेनिसची वर, खोडात आणि जाड फांद्यांत.

कुणी इथल्या चायनेन्सिसला 'मलासियाका' म्हणालं तर गोंधळू नका. लिंगाफेल्टर आणि होबेके या कीटकतज्ज्ञांनी २००२ मध्ये ती जात चायनेन्सिसमध्येच विलीन केली. जपानी मंडळी जुनं नाव सोडत नाहीत. मला विलीनीकरण पटतं.

हो, एक राहिलं. त्रिकोणाच्या रंगाला अपवाद असतात, त्यामुळे निकाल दाण्यांवरच लावा. आणि कुणाचा अनुभव कितीही दांडगा असला तरी भिंगाला हात न लावता सांगितलेली जात मान्य करू नका, तोंडावर सांगा. ग्लॅब्रिपेनिसच निघाला तर जिवंत घरी नेऊ नका. २०२३ पासून जपानमध्ये त्याला पाळायला आणि जिवंत हलवायला कायद्याने बंदी आहे. तिथेच मारा, फोटो काढा, झाड नेमकं कुठलं ते नगरपालिकेला कळवा.