आधी घड्याळ लाव, मग जंतू काढ

बाय,

तुझ्या मलेरियावरच्या अ‍ॅनिमेशन फिल्मचा स्टोरीबोर्ड काल रात्री मोबाइलवर बघितला आणि आज सकाळी परत मोठ्या स्क्रीनवर. चित्रं चांगली आहेत, हे तुलाही माहितीये, मलाही, त्यावर वेळ घालवत नाही. तू लिहिलंयस की डॉक्टर म्हणतात मलेरियाच्या सगळ्या अवस्था आल्याच पाहिजेत, कॉलेजचे सर म्हणतात गोष्ट पाहिजे, मैत्रीण म्हणते तीस सेकंदांचं रील कर, बाकी कोण बघतंय, आणि या सगळ्यात तुला आता काही सुचेनासं झालंय. कोणाचं ऐकू म्हणून विचारतेस. कोणाचंच नको ऐकू. रोगाचं ऐक. त्याला स्वतःचं घड्याळ असतं, ते आधी कागदावर मांड आणि मग बघ या तिघांचं भांडण किती उरतं ते.

चल, मीच मांडून देतो, कारण तू मांडणार नाहीस, तुझ्या वयात मीसुद्धा सरळ रंगाला हात घातला असता.

फिल्म ३ मिनिटांची. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे एकूण ४३२०. तुझी गोष्ट डास चावल्यापासून ते बरा झालेला माणूस परत तापाने पडेपर्यंतची आहे, व्हायवॅक्स मलेरियाची. तो ताप काही आठवड्यांनी परत येतो, कधी काही महिन्यांनी, आपण हिशोबाला १०० दिवस धरू. म्हणजे एका दिवसाला १.८ सेकंद. आता बघ. डासाने सोडलेले पॅरासाइट, म्हणजे मलेरियाचे जंतू, यकृतात पोचायला साधारण अर्धा तास घेतात, कधी थोडा जास्त. तुझ्या फिल्ममध्ये अर्धा तास म्हणजे पुरती एक फ्रेमसुद्धा होत नाही. तू त्याला ४० सेकंद दिलेयस! यकृतात ते आठेक दिवस वाढतात, म्हणजे १४ सेकंद, तू दिलेस ३. तांबड्या पेशीत शिरायला एका पॅरासाइटला जेमतेम मिनिटभर लागतं, ते या घड्याळात दिसणारच नाही, आणि तुझी सगळी लढाई नेमकी तिथेच आहे. पेशीत शिरून वाढून ती फोडायला ४८ तास, ३.६ सेकंद. क्लोरोक्विन, रक्तातले पॅरासाइट मारणारी गोळी, ३ दिवस. प्रायमाक्विन, यकृतात झोपलेले मारणारी, १४ दिवस, म्हणजे २५ सेकंद, आणि ते तू एका कटमध्ये उडवलंस. आता चावण्यापासून ताप उतरेपर्यंत वीसेक दिवस धर, उरले ८०. म्हणजे १४४ सेकंद. दोन मिनिटांहून जास्त वेळ पडद्यावर काहीच घडत नाही, माणूस बरा आहे, कामावर जातोय, आणि यकृतातल्या एखाद्या पेशीत एक पॅरासाइट झोपलेला आहे.

ही तुझी फिल्म आहे. लढाई नाही.

मी म्हणत नाही की दोन मिनिटं झोपलेला पॅरासाइट दाखव, तसं केलंस तर मीच पहिला उठून जाईन. वेळ ताणायचा, दाबायचा, तोडायचा, आपला धंदाच तो आहे. पण तू कुठे ताणतेस आणि कुठे दाबतेस हे तुला माहीत पाहिजे आणि बघणाऱ्याला जाणवलं पाहिजे. आत्ता काय होतंय, तुला माहीतच नाही की तू अर्धा तास चाळीस सेकंदांत ताणलास आणि चौदा दिवस एका कटमध्ये मारलेस, कारण जिथे धावपळ आहे तिथे हात आपोआप जातो. माणूस गोळ्या अर्धवट का सोडतो? तीन दिवसांत ताप उतरतो, पुढच्या अकरा दिवसांत त्याला आत काही चाललंय असं वाटतच नाही. आणि तुझी फिल्म त्याला तेच सांगते, की ताप उतरला, लढाई संपली, टाळ्या. म्हणून म्हणतो आधी घड्याळ. शंभरदा म्हणेन.

आणि ही काही माझी लहर नव्हे. रक्तातला पॅरासाइट लाव्हेरान या फ्रेंच डॉक्टरने १८८० मध्ये पाहिला, डासातला रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला १८९७ मध्ये, आणि यकृतात झोपून राहिलेला नक्की ओळखायला १९८०चं दशक उजाडावं लागलं. शंभर वर्षं, बाय. ताप परत येतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुठून येतो ते डोळ्यांना दिसायला एवढा काळ गेला. जे हलत नाही ते दिसत नाही, मायक्रोस्कोपखालीही नाही आणि टाइमलाइनवरही नाही.

त्या पॅरासाइटला तू संकासुर राक्षस करून टाकलंयस, काळाकुट्ट, लाल जीभ बाहेर. दशावतार मलाही आवडतो, पेडण्याला रात्र रात्र बसून बघितलाय. पण संकासुर दिसला की लोकांना तो मरायची वाट बघायची सवय आहे, तो पडला की संपलं. तुझा पॅरासाइट पडत नाही, थांबतो. थांबणाऱ्याला जीभ कशाला? त्याला साधा ठेव, लहानसा, आणि बाकीच्या पेशी काम करत असताना तो एकटाच काही करत नाही एवढं दिसलं तरी पोटात गोळा येईल.

आता काही चुका, पटापट सांगतो. डासाच्या पायांवर पांढरे पट्टे काढलेस, तो एडिस झाला, डेंग्यूवाला. मलेरियाचा अ‍ॅनोफिलिस, पंखांवर ठिपके, बसतो तेव्हा तिरका, डोकं खाली आणि मागचा भाग वर. आणि तो रात्रीचा चावतो, तू भर दुपारी चावायला लावलंस. चावते ती मादीच, हे तुला कळलंय, तिला मिशी काढली नाहीस याबद्दल आभार, असे लोक भेटलेत मला.

रक्ताचा शॉट सगळ्यात वाईट आहे, खरं सांगतो. निळसर मोकळा बोगदा आणि त्यात चार तांबड्या पेशी आरामात तरंगतायत. अगं, रक्तात चाळीस-पंचेचाळीस टक्के जागा त्या पेशींनीच भरलेली असते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात शिरून बघ, तसं आहे ते, धक्का दिल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. बारीक केशवाहिनीत तर पेशी एकेक करून, अंग मुडपून जातात, कारण पेशी सात-आठ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि नळी कधी कधी त्याहून अरुंद. डेव्हिड गुडसेल नावाचा शास्त्रज्ञ पेशीच्या आतली वॉटरकलर चित्रं काढतो, ती बघ, एक तसूभर रिकामी जागा नसते त्यात. तू म्हणशील गर्दी काढली तर रेंडर संपणार नाही. मग दोनच शॉट काढ गर्दीचे पण खरे काढ. आणि गर्दीचा घड्याळाशी संबंध आहे बरं का, मोकळ्या बोगद्यात पॅरासाइटला पेशी शोधत फिरावं लागतं म्हणून तुझा पाठलाग लांबला, गर्दीत शेजारीच पेशी असते, एका मिनिटात आत. बघ, फिरून तिथेच आलो.

तू म्हणशील या काकांना घड्याळाचं वेडच लागलंय. लागलंय. ऐक का ते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका ऑफिसने मला टीबीवर फिल्म करायला सांगितली. टीबीचा जंतू भलता संथ, एकाचे दोन व्हायला त्याला वीसेक तास लागतात, आपल्या पोटातले नेहमीचे जंतू तेच काम चांगली सोय असेल तर वीस मिनिटांत करतात. म्हणून तर साधं औषधही सहा महिने. मी अ‍ॅनिमॅटिक केलं, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं वेळेवर बसवलेली कच्ची फिल्म, त्यात पेशंट तिकडे सहा महिने जगतोय, खोकला महिन्या-दोन महिन्यांत थांबतो, आणि आत उरलेसुरले जंतू एवढे हळू की नजरेला हालचालच नाही, आठ सेकंद काहीच नाही, फक्त श्वास. साहेबांनी आठ सेकंदांवर बोट ठेवलं. म्हणाले हे अडकलंय, व्हिडिओ हँग झालाय. मी म्हटलं हँग नाही झाला, हीच फिल्म आहे. मग रणगाडे आले चर्चेत, गोळ्या म्हणजे सैनिक, फुप्फुस म्हणजे किल्ला. मी उठलो. अर्धे पैसे मिळाले, माझा स्टोरीबोर्ड दुसऱ्या कोणाकडे गेला, रणगाड्यांची फिल्म झाली आणि मी ती बसस्टँडच्या टीव्हीवर किती वेळा बघितली असेन देव जाणे. लोक बघत होते, हे खोटं कशाला बोलू, माझ्या शेजारचा माणूस तर हसतसुद्धा होता. पण गोळ्या सहा महिने का, हे त्या फिल्ममध्ये कुठेही नाही. कुठेही नाही! सैनिक येतात, तोफ उडते, किल्ला वाचतो. मग माणसाने दोन महिन्यांनी गोळ्या सोडल्या तर तो चुकला कुठे, त्याने फिल्म नीट बघितली एवढंच.

त्यानंतर मी हॉटेलांच्या जाहिराती केल्या, कॅसिनोचे लोगो फिरवले, लग्नाची निमंत्रणं केली. फोंड्याचं घर त्यावर उभं आहे आणि त्याची लाज नाही मला. पण ते अ‍ॅनिमॅटिक अजून हार्ड डिस्कवर आहे आणि तो आठ सेकंदांचा श्वास मी आजही एक फ्रेम कमी करणार नाही. करायला हवी होती कदाचित, पाच सेकंदांवर साहेब मानले असते, बायको अजून ऐकवते. नाही मानले असते. पाच झाले की तीन मागितले असते.

असो. तुझं बोलू.

तुझी फिल्म बघणार कोण, गोव्यात पर्वरीच्या बांधकामाच्या साइटवरचे कामगार. कोणी कर्नाटकातला, कोणी ओडिशाचा, झारखंडचा, बिहारचा. मराठी निवेदन तिथे काय कामाचं, कोंकणीही नाही. तीन भाषांत डबिंग करू म्हणतेस, कर, पण आधी ती फिल्म मुकी चालली पाहिजे. म्हणजे दिवस गेले हे सांगायला तुझ्याकडे 'चौदा दिवसांनंतर' अशी पाटी नाही. कॅलेंडरची पानं उडवू नकोस, हात जोडतो.

स्लॅब वापर. तू साइटवर गेली होतीस ना, फोटो पाठवलेस ते बघितले. नवा स्लॅब पडला की त्यावर सिमेंटचे छोटे बांध घालून पाणी भरून ठेवतात, क्युरिंगसाठी, निदान आठवडाभर. त्याच पाण्यात अ‍ॅनोफिलिसची अंडी, आणि आपल्या हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. म्हणजे इमारतीचं घड्याळ आणि डासाचं घड्याळ एकाच चित्रात आलं, आठवड्यातून एकदा पाणी सुकवा असं का सांगतात ते एकही शब्द न बोलता कळलं. मग मागे मजले चढत राहू देत. पहिल्या स्लॅबला डास चावला, दुसऱ्याला ताप, आणि माणूस बरा होऊन वर चढत गेला तसा आत यकृतातला तो ठिपका तसाच. बाहेर इमारत वाढते, आत काही वाढत नाही. मग वरच्या कुठल्यातरी मजल्यावर त्याला हुडहुडी भरते. बरोबर शंभर दिवसांत किती मजले होतात ते साइट इंजिनियरला विचार, अंदाजाने काढू नकोस, ते लोक हसतील, त्यांना मजल्यांचा हिशोब तुझ्यापेक्षा जास्त कळतो.

आणि गोळ्यांची पट्टी. चौदा दिवस एका कटमध्ये मारू नकोस, कटाचा मोह होईल, होऊ दे. उशाशी पट्टी, रोज एक कप्पा रिकामा, दुसऱ्या आठवड्यात माणूस विसरतो आणि मग तो भरलेला कप्पा आपल्याकडे बघत राहतो. इथे दे सेकंद. लढाईतले काढ आणि इथे दे.

डॉक्टरांच्या सगळ्या अवस्था? ज्या घड्याळावर बसतात त्या ठेव. रक्तातले नर-मादी पॅरासाइट परत डासात जातात ते त्यांना हवंय, ठीक आहे, दोन सेकंदांत दाखव, पण डासाच्या पोटातून लाळेपर्यंत यायला त्यांना दहा-बारा दिवस लागतात, मग पुढचा चावा लगेच नको, पुढच्या स्लॅबला. त्यांना असं समजावलंस तर ते स्वतःच चार अवस्था काढायला सांगतील, घड्याळ डॉक्टरांना लगेच पटतं, चित्रकारांनाच पटत नाही.

सरांना गोष्ट हवी ती आलीच की. मैत्रिणीला सांग रील नंतर कापू.

शुक्रवारपर्यंत मला फक्त अ‍ॅनिमॅटिक पाठव. पेन्सिलचे ठोकळे चालतील, रंग नको, म्युझिक तर अजिबात नको, म्युझिक घातलंस की वाईट टायमिंगही बरं वाटायला लागतं. कोपऱ्यात दिवसाचा आकडा चालू ठेव, नंतर काढू. आणि शेवटच्या शॉटमध्ये ती गरोदर कामगार बाई गोळी घेताना दाखवलीयस, तो शॉट काढून टाक, प्रायमाक्विन गरोदरपणात देत नाहीत. तिच्या जागी दुसरं कोणी बसव आणि डॉक्टरांकडून तपासून घे, त्यासाठी माझी वाट बघू नकोस.

काका