चाळीस फॉर्म भरले, लेकीचा राहिला

"मॅडम, मला खरंच काही आहे, की मी सबब शोधतेय?"

मृदुलाने हा प्रश्न पहिल्या भेटीची वेळ संपता संपता, पर्स खांद्याला लावताना विचारला. त्याआधीचा पाऊण तास ती स्वतःच्या चुका सांगत होती. मोठ्या वयाच्या, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायका हल्ली हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. मोबाइलवर एडीएचडीबद्दलची (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारी मेंदूच्या जडणघडणीतली अवस्था) एखादी चित्रफीत पाहिलेली असते, 'अरे, ही तर मीच' असं वाटलेलं असतं, आणि पाठोपाठ लाजही वाटलेली असते.

मृदुला (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) नाशिकच्या एका शाळेत मराठी शिकवते. वय ३८. वर्गात तिचा हात धरणारं कोणी नाही, कविता शिकवायला लागली की शेवटच्या बाकावरची मुलंही पुढे सरकतात. पण तपासायच्या पेपरांचा गठ्ठा पंधरा दिवस टेबलावर पडून राहतो आणि निकालाच्या आदल्या रात्री तीन वाजेपर्यंत जागून ती तो संपवते. घरी दूध उतू जातं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात, मशीनमध्ये धुतलेले कपडे दुसऱ्या दिवशी वास मारायला लागल्यावर आठवतात. सासरी तिला 'वेंधळी' म्हणतात. रागाने नाही, सवयीने.

ती माझ्याकडे आली ते एका फॉर्ममुळे. तिच्या शाळेतल्या पाचवीच्या चाळीस मुलांचे शिष्यवृत्ती परीक्षेचे फॉर्म तिने मुदतीत भरले होते. तिची लेक दुसऱ्या शाळेत, तीही पाचवीत. तिच्या बाईंनी फोटो आणि पालकांच्या सहीचा कागद मागितला होता. तो कागद मृदुलाच्या पर्समध्येच राहिला, मुदत टळून गेल्यावर सापडला. लेक रडली नाही. "मला माहीतच होतं तू विसरणार," एवढंच म्हणाली आणि खेळायला गेली. नवरा म्हणाला, "चाळीस पोरांचं लक्षात राहतं, आणि स्वतःच्या मुलीचं नाही?"

हा प्रश्न मृदुलाला आतून कापत गेला होता. मला मात्र त्याच प्रश्नात उत्तर दिसलं.

मी विचारलं, शाळेतले फॉर्म भरले कसे? तर मुख्याध्यापिका रोज सकाळी विचारायच्या. शिक्षकखोलीच्या भिंतीवर नावांची यादी होती, भरलेल्या नावापुढे खूण व्हायची. शेजारी दुसऱ्या बाई त्याच कामाला बसलेल्या असायच्या. आणि लेकीच्या फॉर्मसाठी काय होतं? काहीच नव्हतं. पर्समधला एक कागद आणि मृदुलाची आठवण. लेकीवरची माया कमी पडली नव्हती; त्या कामाला बाहेरून कसलाच टेकू नव्हता. एडीएचडीमध्ये काय करायचं हे माणसाला पक्कं ठाऊक असतं. ठाऊक असलेलं नेमक्या वेळी हातून घडवून आणायची जी यंत्रणा मेंदूत असते, तिथे अडतं. मुदत गळ्याशी आली, काम मनापासून आवडलं, कोणी समोर उभं राहिलं, की तीच यंत्रणा धावायला लागते. म्हणून बघणाऱ्याला वाटतं, 'मनात आणलं तर करते की!' या एका वाक्याने जितकं नुकसान केलंय, तितकं विसरण्याने केलेलं नाही.

'सगळेच विसरतात' हेही खरंच आहे. म्हणून मी विसरण्याकडे कमी आणि त्याच्या इतिहासाकडे जास्त बघते. आपल्याकडचे बरेच मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेतल्या २०१३ च्या निकषांप्रमाणे प्रौढ व्यक्तीत अवधान न टिकण्याच्या नऊपैकी किंवा अतिचंचलतेच्या नऊपैकी किमान पाच लक्षणं लागतात, त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, आणि ती घर, काम अशा एकाहून जास्त ठिकाणी आड यावी लागतात. गेल्या वर्षी बदली झाली आणि तेव्हापासून लक्ष लागत नाही, हे बहुधा दुसरं काहीतरी असतं. जागतिक आरोग्य संघटनेची अठरा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, ती मी मृदुलाकडून भरून घेतली. पण ती चाळणी आहे, निदान नव्हे. निदानासाठी मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते.

मी तिला सांगितलं, माहेरी ट्रंकेत जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर आणा. ती आणायला विसरली. तिसऱ्या वेळी तिची आईच सिन्नरहून ती घेऊन आली. तिसरीत शेरा होता, 'हुशार आहे, पण खिडकीबाहेर लक्ष.' पाचवीत 'वह्या अपूर्ण'. सातवीत पुन्हा 'वह्या अपूर्ण', पहिल्या पाचात नंबर असूनही. मी आईंना विचारलं, लहानपणी त्रास कधी जाणवला नाही का? त्या म्हणाल्या, "जाणवायला काय, मी होते ना मागे. दप्तर मी भरायचे, डबा हातात द्यायचे. बीएडला वसतिगृहात होती तेव्हासुद्धा सकाळी फोन करून आज काय काय आहे ते सांगायचे." हे ऐकताना मृदुला आईकडे बघतच राहिली. आपली सगळी वर्षं आईच्या आठवणीवर चालली होती, हे तिला त्या दिवशी कळलं.

मुलींच्या बाबतीत असंच होतं. वर्गात बाकांवरून उड्या मारणारा मुलगा बाईंना दिसतो, पालकांना बोलावणं जातं. खिडकीबाहेर बघत बसलेली शांत मुलगी कोणाला त्रास देत नाही. लहान वयात मुलग्यांमध्ये एडीएचडीचं निदान मुलींच्या साधारण दुप्पट होतं, मोठेपणी ही तफावत बरीच कमी होते. मधल्या वर्षांत या मुली लपवायला शिकतात. मृदुला प्रत्येक ठिकाणी अर्धा तास आधी पोचते, कारण नाहीतर तासभर उशीर होतो. बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघते. या धडपडीला लोक काळजी करण्याचा स्वभाव म्हणतात. तिला दोन वर्षं चिंतेवरची औषधंही चालू होती. चिंता खोटी नव्हती, पण तिच्या मुळाशी काय आहे, हे कोणी विचारलं नव्हतं.

आणि मग लग्न होतं. यावर मला थोडं ठासून बोलायचंय. आपल्याकडे घराची स्मरणवही म्हणजे घरातली बाई. सिलिंडर कधी लावला, दुधाचे किती खाडे झाले, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्या, मुलीला शुक्रवारी पांढरा ड्रेस हवा आहे, कोणाच्या बारशाला आहेर द्यायचाय. यातलं काहीही कुठे लिहिलेलं नसतं, तिने ते डोक्यात धरायचं असतं. ज्या कामात मृदुलाचा मेंदू सगळ्यात कच्चा, नेमकं तेच काम लग्नाने तिच्या पदरात टाकलं, आणि आईचा सकाळचा फोन त्याच वेळी थांबला.

सासूबाई एकदा भेटायला आल्या. "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही," म्हणाल्या. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा ४३ मुलांबद्दल व्याख्यानं दिली होती, त्यामुळे हे काल-परवाचं नाही. पण त्यांना मी ते सांगितलं नाही. त्यांच्या सासरी स्वयंपाकघरात किती बायका होत्या, एवढंच विचारलं. चार जावा आणि सासू. एकीने दूध ठेवलं आणि विसरली, तर दुसरी गॅस बंद करायची. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी धाकटी जाऊ होती तशी. फार बोलणी खाल्ली तिने."

मानसोपचारतज्ज्ञांनी दोन भेटी घेतल्या. थायरॉईड, हिमोग्लोबिन तपासलं, झोप आणि मनःस्थितीची चौकशी केली, कारण यातल्या कशानेही असंच विस्कटल्यासारखं होऊ शकतं. एडीएचडीचं निदान झालं, अवधान न टिकण्याचा प्रकार प्रमुख. रक्तदाब आणि नाडी बघून मिथाइलफेनिडेट लहान मात्रेत सुरू केलं. हे औषध नियंत्रित आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही. मैत्रिणीची गोळी घेऊन बघण्याचा विचारही करू नये. मृदुलाची दुपारची भूक कमी झाली, सुरुवातीला झोपेलाही उशीर व्हायचा, तेव्हा डॉक्टरांनी वेळ आणि मात्रा बदलली. सगळ्यांना हे औषध मानवतंच असं नाही, इतरही पर्याय आहेत. तिला ते मानवलं. दुसऱ्या आठवड्यात येऊन म्हणाली, "काल कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले आणि मॅडम, कपडे वाळत घालूनच खाली आले." एवढं सांगून ती रडायला लागली. निदान कळल्यावर पुष्कळ जणी रडतात. हलकं वाटतंच, पण त्याचबरोबर गेलेल्या वर्षांचं दुःखही असतं, आणि त्या दुःखाला वेळ द्यावा लागतो. आम्ही जवळपास तीन भेटी फक्त त्यावर बोललो.

गोळीने घर मात्र चालत नाही. त्यासाठी नवऱ्याला बोलावलं. तो चांगला माणूस आहे, अंबडच्या कारखान्यात पाळ्या करतो. म्हणाला, "मी मदत करायला तयार आहे, तिने फक्त आठवण करायची." मी म्हटलं, आठवण करणं हेच तर काम आहे, तेच तुम्ही तिच्याकडे ठेवताय. त्याला हे पटायला वेळ लागला, एकदा रागावून उठूनही गेला. पण पुढच्या वेळी स्वतःहून यादी घेऊन आला. सिलिंडर, दूध, आईच्या गोळ्या, मुलीच्या शाळेचे सगळे कागद त्याचे. सांगावं लागणार नाही, अशा अर्थाने त्याचे. स्वयंपाकघराबाहेर पांढरा फळा लागला. शाळेतून आलेला कागद पर्समधून थेट त्या फळ्यावरच्या चिमट्यात जायचा, नंतर बघू असं नाही. पेपर तपासायला मृदुला आता सहकारी बाईंच्या शेजारी बसते, रोज दहा. बाई काही बोलतही नाहीत, त्यांचं नुसतं बसणं पुरतं.

हे सगळं रोज जमत नाही. पाळीच्या आधीच्या आठवड्यात तिचं पुन्हा पार विस्कटतं. अनेकींना हा अनुभव येतो, म्हणून त्या दिवसांची नोंद ठेवून डॉक्टरांना दाखवायला सांगितलंय.

लेकीशी ती बोलली. "तुझा फॉर्म मी विसरले, त्याचं मला फार वाईट वाटतं. तू मला नकोशी आहेस म्हणून नाही विसरले," असं सरळ सांगितलं. आजाराचं नाव नंतर, मुलीने विचारल्यावर सांगितलं. सबब कोणती आणि कारण कोणतं, हा तिचा पहिल्या दिवशीचा प्रश्न मला तेव्हा आठवला. सबब सांगून माणूस जबाबदारी खाली ठेवतो. मृदुलाने तिचं कारण कळल्यावर मुलीची माफी मागितली.

मागच्या भेटीत तिने हळू आवाजात विचारलं, "तिलाही असेल का?" मुलीच्या पाण्याच्या बाटल्या हरवतात, पुस्तक वाचताना हाक ऐकू येत नाही. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, जुळ्यांच्या अभ्यासांत तो सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात येतो. याचा अर्थ मुलीला होण्याची शक्यता तेवढी आहे असा नाही, पण बघायला हवं इतकं नक्की. मी म्हटलं, घाबरून नको, बघून घेऊ. तिची प्रगतिपुस्तकं आणा, शेऱ्यांपासून सुरुवात करू.

येत्या गुरुवारी ती येणार आहे. तारीख फळ्यावर लिहिली आहे, नवऱ्याच्या अक्षरात.