एकरी उतारा किती अंकांत लिहायचा?

प्रश्न : पहिल्या वेच्याचा कापूस धर्मकाट्यावर तोलला. भरलेली गाडी २३४० किलो, रिकामी १८७०, म्हणजे कापूस ४७० किलो. वावर १.२ एकर. कॅल्क्युलेटर एकरी ३९१.६६६६६६७ किलो दाखवतो. अकरावीतला मुलगा म्हणतो, सार्थ अंक दोनच, ३९० लिहा. खरं काय?
– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : मुलाचं बरोबर आहे. मोजमापातले भरवशाचे अंक आणि त्यांच्यापुढचा एक अंदाजाचा, एवढेच सार्थ. गाड्या तोलणारा काटा बहुधा १० किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो. तसा असेल तर पावतीवरचं शेवटचं शून्य मोजून आलेलं नाही आणि २३४० मध्ये सार्थ अंक तीनच.

खरी खोट वजाबाकीत आहे. प्रत्येक तोलात ५ किलो इकडेतिकडे धरले, तर फरकात १० किलोपर्यंत चूक येते. २३४० मागे ५ किलो म्हणजे फक्त ०.२ टक्के, ४७० मागे १० किलो म्हणजे २ टक्क्यांहून जास्त! बेरीज-वजाबाकीत म्हणूनच अंक मोजत नाहीत, स्थान पाहतात. दोन्ही वजनं दशकापर्यंत खरी, तर उत्तरही दशकापर्यंतच. तीन अंकांचे दोन उरले ते असे.

गुणाकार-भागाकारात मात्र ज्या आकड्याचे सार्थ अंक सर्वांत कमी, तेवढेच उत्तराला. १.२ एकर म्हणजे १.१५ ते १.२५ मधलं काहीही, आणि तेवढ्यानेच उतारा ४०९ वरून ३७६ वर येतो. टेपने मोजून १.२१ एकर काढलं तरी वजन दोन अंकीच, त्यामुळे उत्तर ३९० च राहतं.

३९० मधलं शून्य मोजलेलं की भरतीचं, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ३.९ क्विंटल लिहा, शंकाच उरत नाही. ३.९० लिहिलंत तर तीन अंकांची हमी दिल्यासारखं होईल. ०.०४५ मधली सुरुवातीची शून्यं मात्र कधीच धरायची नाहीत. क्विंटलचे १०० किलो, एकराचे ४० गुंठे ही ठरलेली प्रमाणं. त्यांच्यामुळे उत्तराचे अंक कमी होत नाहीत.

पूर्णांकन अगदी शेवटी करा. मध्येच ३९० करून १.२ ने गुणलं, तर ४७० चे ४६८ होतात.

पुढच्या वेच्याला १०० ग्रॅमच्या टप्प्याच्या काट्यावर गाठोडी वेगवेगळी तोला आणि कापडाचं वजन वजा करा. १२ गाठोड्यांत टप्प्यापोटीची चूक जास्तीत जास्त १२ × ५० ग्रॅम, म्हणजे ०.६ किलो. मग ४७१ किलो आणि १.२१ एकरावरून ३.८९ क्विंटल लिहायला हरकत नाही.