फेड, फिके आणि पाणचट

लातूरच्या एका वाचकांनी विचारले आहे की, ‘शर्टाचा कलर फेड झाला’ यातला फेड आणि ‘कर्जफेड’मधला फेड यांचे काही नाते आहे काय, आणि नसल्यास या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणावे. नाते मुळीच नाही. रंग कापडावरून ‘फेडला जातो’, अर्थात उतरवला जातो, म्हणून हा शब्द मूळचा आपलाच, असे एका व्याख्यानात मी स्वतः ऐकले आहे आणि तेव्हापासून त्या वाक्याचा मला राग आहे. फेडणे प्राकृतातून आले, तर इंग्रजीने फेड चौदाव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून घेतला. केस कापण्यातला फेड आणि चित्रपटातला फेड-आउट सर्वांना ठाऊक आहेत. त्यांत मी शिरत नाही.

खरी मौज अशी की, फ्रेंचमध्ये ‘फाद’ म्हणजे आजही बेचव. माझे मत असे की, हा शब्द आधी जिभेचा होता आणि डोळ्यांकडे नंतर गेला. मराठवाड्यात काळ्या मसाल्याची आमटी उकळत असताना ‘लेकरासाठी फिकं वरण बाजूला काढ’ असे सांगणारी आजी दोन उन्हाळे वाळलेल्या लुगड्यालाही ‘फिकं पडलं’ असेच म्हणते.

या फ्रेंच शब्दामागे कोशकार ‘फातिदुस’ असे लॅटिन रूप कल्पितात, जे कोठेही लिहिलेले आढळत नाही आणि म्हणून तारांकित छापले जाते. ‘वापिदुस’, म्हणजे दम गेलेले, आणि ‘फातुउस’, म्हणजे बेचव व मूर्खही, यांच्या मिश्रणातून ते झाले असावे, असे मानतात. बेचव आणि मूर्ख एकाच शब्दात कसे मावतील, अशी शंका काढून फातुउसला बाजूला सारणाऱ्यांनी आपले पाणचट ताक आणि पाणचट विनोद बहुधा अनुभवलेले नसावेत.

फेडसाठी ‘विलोपन’ लिहिणाऱ्या भाषांतरकारांना मात्र एवढेच विचारावेसे वाटते की, त्यात ‘हळूहळू’ कोठे आहे? चैत्रात विहिरीची एकेक पायरी उघडी पडत जाते, त्याला आपण आटणे म्हणतो. तसाच ताप ओसरतो, आवाज विरतो आणि रंग विटतो. तेव्हा लातूरच्या वाचकांचा शर्ट विटला आहे, आणि हे क्रियापदही जिभेपासून फार दूरचे नाही, कारण रोज तेच ताटात आले की माणूस त्या पदार्थालाही विटतो.