पेशंटची स्वप्नं मोजताना

थेरपीने पेशंटची स्वप्नं बदलतायत का हे बघायचं असेल, तर सेशनमध्ये सांगितलेली स्वप्नं आणि सकाळी उठल्याउठल्या वहीत उतरवलेली स्वप्नं आधी वेगळी ठेव. थेरपिस्टला काय ऐकायला आवडतं हे पेशंट पटकन ओळखतो, मग तशीच स्वप्नं सांगायला लागतो.

मोजणीसाठी हॉल आणि व्हॅन डी कॅसल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची १९६६ची पद्धत (स्वप्नातली माणसं, कृती, भावना ठरलेल्या गटांत मोजायची) अजून चालते. फक्त त्यांचे तुलनेचे आकडे अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलामुलींच्या १००० स्वप्नांवरून आलेत. ते पन्नाशीतल्या बाईंना सरसकट लावू नकोस. पेशंटची तुलना त्याच्याच जुन्या स्वप्नांशी कर.

मी आधी एकच बघतो: स्वप्नात तो स्वतः काय करतो? सुरुवातीला कुत्रा मागे लागतो नि पाय हलत नाहीत. काही महिन्यांनी कुत्रा तोच, पण आता दार लावून घेता येतं. कुत्रा गेला नाही म्हणून 'बदल नाही' लिहिलंस, तर मुद्द्याचंच निसटलं.

कोडिंग करणाऱ्याला, म्हणजे स्वप्नं वाचून त्यांची वर्गवारी करणाऱ्याला, तारखा अजिबात दाखवू नकोस. आणि गोळ्यांची नोंद ठेवच (हे हमखास राहतं). डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांनी आरईएम झोप (जिच्यात ठळक स्वप्नं जास्त पडतात ती) कमी होते, त्या अचानक थांबवल्या की स्वप्नं भडक होऊ शकतात. त्यात थेरपीचा काही हात नसतो.