राग गिळला, तो जबड्यात बसला

‘मॅडम, ऑफिसमध्ये राग दाखवला तर नोकरी जाईल आणि गिळला तर तब्येत. मग करायचं तरी काय?’ ठाण्यात समुपदेशन करताना हा प्रश्न मला सारखा भेटतो. म्हणून एका ताईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या ऐरोलीहून ठाण्याला येतात. एका खासगी रुग्णालयात बिलिंग काउंटरवर आहेत. त्यांना माझ्याकडे पाठवलं दातांच्या डॉक्टरांनी. सकाळी उठल्यावर जबडा दुखायचा, झोपेत दात आवळून दाढा झिजल्या होत्या. त्याच सुमारास बीपीही वाढलेलं निघालं. ‘पण मला राग येतच नाही हो,’ त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या. ‘सगळे मला शांत म्हणतात.’

मग त्यांना कामाचा एक दिवस सविस्तर सांगायला लावला. कॅशलेस डिस्चार्जची अंतिम मंजुरी विमा कंपनीने तीन तासांत द्यावी, असं विमा नियामकाने 2024 मध्ये सांगितलं आहे आणि नातेवाइकांना ते पाठ असतं. मंजुरी अडकते टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या मधल्या संस्थेकडे, पेशंट कपडे बदलून बसलेला असतो आणि समोर दिसतात फक्त या ताई. ‘पैसे उकळायलाच बसलात’पासून आईवरच्या शिव्यांपर्यंत सगळं ऐकून घ्यायचं आणि ‘सर, थोडं थांबा’ म्हणत हसायचं. मला सांगतानाही त्या हसत होत्या. ओढणीचं टोक मात्र मुठीत घट्ट आवळलेलं होतं.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली होकशिल्ड यांनी विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून 1983 मध्ये अशा कामाला भावनिक श्रम म्हटलं. त्याची किंमत शरीर कशी मोजतं, हे जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात प्रयोगांतून दाखवलं. चित्रफिती बघताना भावना चेहऱ्यावर येऊ देऊ नका, असं काहींना सांगितलं होतं. चेहरे शांत राहिले, पण शरीरातली ताणाची यंत्रणा जास्तच जोरात चालली. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की भावना दाबून ठेवताना समोरचं नीट लक्षात राहत नाही. हे ऐकून ताई एकदम गप्प झाल्या. मुलगा त्यांना नेहमी म्हणायचा, ‘आई, हे मी तुला कालच सांगितलं होतं.’

बीपी केवळ राग गिळल्यामुळे वाढलं, असं मी त्यांना म्हटलं नाही, म्हणणारही नाही. त्याला अनेक कारणं असतात. गोळ्या सुरू ठेवायच्या की नाही, हे त्यांचे डॉक्टरच ठरवतील.

काउंटरवर ओरडायला मी कुणालाच सांगत नाही. तिथे राग आवरावाच लागतो. पण ताई तो घरीही आवरत होत्या. नवऱ्याने ‘काय झालं?’ विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘काही नाही.’ आम्ही सुरुवात तिथून केली. घरी पोचल्यावर निदान एक प्रसंग जसा घडला तसा सांगायचा, ‘मला अपमान वाटला’ हे शब्द उच्चारून. नवऱ्याने उपाय सुचवायचे नाहीत, नुसतं ऐकायचं. त्यांना हे जड गेलं, कारण बायकोचं दुःख ऐकून हात बांधून बसणं त्यांना जमेना. पहिले काही दिवस ताई दोन वाक्यांतच थांबायच्या. एकदा मात्र खूप रडल्या आणि त्या रात्री गाढ झोपल्या.

काउंटरसाठी एक वाक्य पक्कं केलं: ‘तुमचं काम मी करतेय, पण शिवी दिलीत तर मी साहेबांना बोलावणार.’ ते म्हणता येण्यासाठी साहेबांनी खरोखर यायला हवं! जी माणसं दुसऱ्यांचा संताप झेलायला बसवली जातात, त्यांच्या पाठीशी संस्थेनं उभं राहायलाच हवं. नुसता दीर्घ श्वास शिकवून भागत नाही. ताईंनी वरिष्ठांकडे लेखी मागणी केली. मोठ्या वादानंतर दहा मिनिटं जागेवरून उठण्याची मुभा मिळाली.

तुमचंही असंच होत असेल आणि समुपदेशक परवडत नसेल, तर टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीत, मोफत आणि कोणत्याही वेळी बोलता येतं. छातीत दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टर गाठा.

ताई रात्री दातांवर गार्ड अजून लावतात. जबड्याचं दुखणं बरंच कमी आहे. दहा मिनिटांची ती मुभा आता काउंटरवरच्या बाकीच्या दोघींनीही मागून घेतली आहे.