उमरेडला किरायाने राहायला जावं का? अप-डाउन कोणी करायचं, ते आधी ठरवा

नागपुरातल्या मानेवाड्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या नागपूर जिल्ह्यातल्याच उमरेड या तालुक्याच्या गावी एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात. मिस्टर नागपूरच्या मिहान या उद्योग वसाहतीत एका कंपनीत आहेत, मुलगी दुसरीत आहे, सासूबाई सोबत राहतात. मानेवाड्यातल्या घराचं भाडं महिन्याला 13 हजार. ताई रोज एसटीने उमरेडला जातात-येतात. बसला महिन्याला दोनेक हजार आणि दिघोरी नाक्यापर्यंतच्या ऑटोला 1,200 जातात. त्या लिहितात, "उमरेडला साडेसात हजारांत टू बीएचके मिळतं म्हणे. सगळे तिकडेच राहायला जावं का? आणि साठवलेले 14 लाख आहेत. एका दलालाने तिथल्या लेआउटमधला 9 लाखांचा प्लॉट दाखवला आहे. त्यावर घर बांधून भाड्याने दिलं तर?" दलालाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला एक तक्ताही सोबत जोडला आहे. त्यात उमरेडची लोकसंख्या, घरांची संख्या आणि 'भाड्याच्या घरांना प्रचंड मागणी' असा शेरा आहे.

ताई, माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. यंदा सगळं घर उमरेडला हलवू नका. प्लॉट तर घेऊच नका. आता कारणं.

तक्त्यातला लोकसंख्येचा आकडा 2011 च्या जनगणनेचा आहे. सुमारे 54 हजार. आकडा खरा आहे, पण जुना आहे. 2021 ची जनगणना कोरोनामुळे लांबली आणि आता तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. म्हणजे आज उमरेडच्या 'सध्याच्या' लोकसंख्येचा आकडा कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तो त्याचा अंदाज समजा. 2001 मध्ये हेच गाव साडेएकोणपन्नास हजारांच्या आसपास होतं. दहा वर्षांत वाढ साधारण नऊ टक्के. त्याच दहा वर्षांत नागपूर शहर साडेवीस लाखांवरून 24 लाखांवर गेलं, म्हणजे सतरा टक्क्यांनी वाढलं. काटोल सदतीस हजारांवरून त्रेचाळीस हजारांपर्यंत गेलं. रामटेक होतं तिथेच, बावीस हजारांच्या घरात राहिलं. उमरेड वाढतंय यात वाद नाही, पण ज्या वेगाने वाढणाऱ्या गावात घरमालकाला भाडेकरू शोधावा लागत नाही, तो वेग या आकड्यांत मला दिसत नाही.

आता 54 हजार लोक म्हणजे भाडेकरूंसाठी किती घरं? घरटी सव्वाचार-साडेचार माणसं धरली तर बारा-साडेबारा हजार कुटुंबं होतात. देशाच्या शहरी भागात 2011 साली शेकडा साडेसत्तावीस कुटुंबं भाड्याच्या घरात होती, पण त्यात मुंबई-पुण्यासारखी शहरंही आली. तालुक्याच्या गावात वडिलोपार्जित घरं जास्त असतात. म्हणून आपण पाचात एक धरू. अडीच हजार घरं. त्यातली वर्षाला एक तृतीयांश रिकामी होतात असं धरलं तर आठशे. या आठशेंत एका खोलीची किती, सामाईक संडास असलेली किती, मालकाच्या घराला लागून अंगण एकच असलेली किती? सासूबाई आणि शाळकरी मुलगी घेऊन राहता येईल, स्वतंत्र नळ आणि स्वतंत्र मीटर असेल, अशी घरं एका वेळी दहा-वीसच्या वर सापडायची नाहीत. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण भाड्याने राहणाऱ्याने लोकसंख्येकडे अशाच नजरेने बघावं. भाडेकरूला गाव हवं नसतं, त्या दहा-वीस घरांतलं एक हवं असतं.

तक्त्यात 'रिकामी घरं' असाही एक रकाना आहे. रिकामं घर म्हणजे भाड्याचं घर, असं समजू नका. 2011 मध्ये देशाच्या शहरी भागात 1 कोटी 11 लाख घरं रिकामी होती आणि तरीही लोक खोल्या शोधत फिरत होते. भाऊ पुण्याला गेला म्हणून कुलूप, वाटणी झाली नाही म्हणून कुलूप, 'भाडेकरू बसला तर उठणार नाही' या भीतीने कुलूप. जनगणनेत ही सगळी घरं रिकामी म्हणूनच नोंदली जातात.

दलाल म्हणतो, उमरेडच्या कोळसा खाणीतल्या लोकांना घरं लागतात. वेकोलिच्या, म्हणजे खाण चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीच्या, बऱ्याच कायम कामगारांना कंपनीचे क्वार्टर असतात, ते तुमच्या टू बीएचकेची वाट बघत नाहीत. खोली शोधतो तो ठेकेदाराकडचा माणूस, आणि त्याला तीन हजारांची एक खोली पुरते. बाकी राहिले बँका, तहसील आणि शाळा-कॉलेजातले बदलीचे लोक. त्यांतले किती तरी जण तुमच्यासारखेच नागपूरहून अप-डाउन करतात. सकाळी दिघोरी नाक्यावर बसची वाट बघत उभे असतात ना, तेच. नोकरी उमरेडला आणि बिऱ्हाड नागपूरला, अशी ही माणसं आहेत. कोणत्याही जनगणनेतून ती नीट दिसत नाहीत, आणि उमरेडमधल्या भाड्याच्या मागणीतून नेमकी तीच वजा होतात.

आता तुमच्या घरचा हिशेब. तुम्ही फक्त भाड्यातला फरक पाहिला, 13 हजार वजा साडेसात, म्हणजे साडेपाच हजार. त्यात तुमचा बस-ऑटोचा 3,200 रुपयांचा खर्च वाचेल. बेरीज 8,700. पण मिहान उमरेडला येणार नाही. अप-डाउन थांबणार नाही, ते फक्त तुमच्याकडून मिस्टरांकडे जाईल. आज ते बारा किलोमीटर जातात, उद्या पन्नास जातील. रोजचे 76 किलोमीटर जास्त, पंचवीस दिवसांचे 1,900. मोटरसायकल लिटरला पन्नास देते असं धरलं तर 38 लिटर पेट्रोल, म्हणजे चार हजार रुपये. टायर, ऑइल, सर्व्हिसिंगचे महिन्याला 800 धरा. सासूबाईंचा डॉक्टर नागपुरात, लग्नकार्य-सणवार नागपुरात, त्या फेऱ्यांचे हजार धरा. उरले 2,900. सामानाचा ट्रक, डिपॉझिटमध्ये अडकणारे पैसे, मुलीचा नवा प्रवेश, गणवेश, पुस्तकं मिळून तीस-पस्तीस हजार सुरुवातीलाच लागतील. ते भरून निघायलाच एक वर्ष जाईल.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्ध तिकीट आहे. तुम्हा दोघांत उमरेड रोडवर स्वस्तात प्रवास करू शकणारी व्यक्ती तुम्हीच आहात. तुमचा प्रवास बंद करून मिस्टरांना त्याच रस्त्यावर मोटरसायकलने, ट्रकांच्या गर्दीत, हिवाळ्यात अंधार पडल्यावर पाठवायचं आणि त्यातून महिन्याला 2,900 वाचवायचे, हा सौदा मला पटत नाही. पैशांपेक्षा मला त्यांच्या रोजच्या अडीच तासांची काळजी जास्त वाटते.

घरभाडे भत्त्याबद्दल तुम्ही विचारलं आहे. भत्ता तुमच्या राहण्याच्या नाही, नोकरीच्या गावावर ठरतो. भत्त्याच्या दरासाठी शहरांचे वर्ग पाडलेले आहेत. नागपूर 'वाय' वर्गात आहे, उमरेड त्याखालच्या 'झेड' वर्गात. तुम्हाला आताही उमरेडच्याच दराने मिळतो, घर बदलल्याने त्यात फरक पडणार नाही. आणि नवीन करप्रणाली घेतली असेल तर भाड्यावर करसवलतही नाही.

मग काही करायचंच नाही का? करा. मानेवाड्याहून दिघोरीकडे सरका, तेवढ्याच भाड्यात. तुमचे ऑटोचे 1,200 आणि रोजची चाळीस मिनिटं वाचतील. मिस्टरांना जाऊन-येऊन दहाएक किलोमीटर जास्त पडेल, म्हणजे महिन्याला सव्वापाचशेचं पेट्रोल. निव्वळ बचत सहा-सातशेचीच, पण मुलीची शाळा तीच राहील आणि थकवा कमी होईल.

रेल्वेच्या बातम्या वाचून घाई करू नका. नागपूर–नागभीड ही उमरेडवरून जाणारी 106 किलोमीटरची नॅरोगेज नोव्हेंबर 2019 मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली. तेव्हापासून दलाल प्रत्येक प्लॉटच्या भावात ती गाडी धरत आले आहेत. तुमच्या कॉलेजच्या आणि मिस्टरांच्या ड्यूटीच्या वेळेला धावणारी गाडी वेळापत्रकात दिसेल, त्या दिवशी हा हिशेब पुन्हा करू.

दोन-तीन वर्षांनी परिस्थिती बदलली, मिस्टरांची नोकरी बदलली आणि उमरेडला जायचं ठरलं, तर घर कसं बघायचं तेही सांगून ठेवतो. काही वर्षांपूर्वी एका अशिलासोबत मी तिकडे घरं बघायला गेलो होतो. एप्रिलचा रविवार, सकाळचे दहा. तिसरं घर आम्हाला पसंत पडलं. टाइल्स नव्या, भाडं कमी. अंगणात विहीर होती. मी मालकीणबाईंना म्हटलं, जरा पाणी बघू द्या. त्यांनी पत्र्याचं झाकण सरकवलं आणि बादली सोडली. दोर सरत गेला, सरत गेला, आणि शेवटचे दोन हात उरले तेव्हा कुठे बादली टेकल्याचा आवाज आला. वर आली ती अर्धी, तीही गढूळ. बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, "नवतपात टँकर बोलवावा लागते, पैसे अर्धे तुमचे." नवतपा म्हणजे मेअखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस. अशिलाने घर घेतलं नाही. विदर्भात उन्हाळ्याचे तीन महिने कूलर चालतो आणि त्याला रोज चार-पाच बादल्या पाणी लागतं. तेव्हा घर बघायचं ते मे महिन्यात, दुपारी तीन वाजता. स्लॅबखालची खोली किती तापते तेही तेव्हाच कळतं. नळ किती वाजता येतो आणि किती वेळ राहतो, ते मालकाला नाही, शेजारणीला विचारा. सबमीटर असेल तर युनिटचा दर करारात लिहून घ्या.

आणि करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. साडेसात हजार भाडं, अकरा महिने आणि वीस हजार डिपॉझिट धरलं तर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क दोनशे-सव्वादोनशे रुपये होतं, नोंदणी फी हजार, वर थोडं सेवाशुल्क. एवढ्यासाठी नोटरीच्या कागदावर भागवू नका. नोकरीच्या सुरुवातीला काटोलला राहत असताना मी ते केलं होतं. निघताना घरमालकाने रंगाच्या नावाखाली सगळं डिपॉझिट ठेवून घेतलं आणि माझ्या हातात दाखवायला काहीच नव्हतं. तेव्हा ती रक्कम माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढी होती.

आता प्लॉट. 9 लाखांचा प्लॉट नुसता पडून राहिला तर एक रुपया भाडं देत नाही. हजार चौरस फुटांचं साधं घर बांधायला अठरा लाख धरले तर, मुद्रांक आणि नोंदणी सोडूनही, 27 लाख झाले. तुमचे 14 लाख सगळे गेले आणि वर 13 लाखांचं कर्ज. साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, हप्ता सव्वाअकरा हजारांच्या पुढे. भाडं येणार साडेसात हजार, तेही बारा महिने घर भरलेलं राहिलं तर. वर्षातला एक महिना रिकामा धरला तर 82,500 रुपये, म्हणजे घातलेल्या पैशांवर तीन टक्के. त्यातून घरपट्टी आणि रंगरंगोटी जायची. तीन टक्क्यांसाठी साडेआठ टक्क्यांचं कर्ज काढायचं आणि मानेवाड्याचं भाडं वेगळं भरत राहायचं, हे तुमच्या दोघांच्या पगारात ओढाताणीचं होईल.

14 लाखांतले तीन लाख घरातल्या सहा महिन्यांच्या खर्चासाठी वेगळे काढा. बाकीचे तीन-चार वर्षांत नागपुरातच स्वतःच्या घराच्या पहिल्या रकमेसाठी लागणार आहेत, म्हणून शेअर बाजारात नको, मुदत ठेवीत ठेवा. एका बँकेत व्याजासह 5 लाखांपर्यंतच विमा संरक्षण असतं, म्हणून तीन बँकांत विभागा. साडेनऊ टक्के देणाऱ्या ज्या पतसंस्थेचा तुम्ही उल्लेख केला आहे, तिथे नको. पतसंस्थेतल्या ठेवींना हे विमा संरक्षण लागू नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलं आहे की प्लॉटसाठी 11 हजार टोकन दिलं आहे. या आठवड्यातच दलालाकडे लेखी मागा: सातबारा, अकृषक (एनए) परवानगीचा आदेश आणि मंजूर लेआउटचा नकाशा. यातला एखादा कागद जरी नसेल तरी टोकन परत मागायला तुमच्याकडे चांगलं कारण आहे. सगळे असतील तरी व्यवहार करायचा नाही, असं स्पष्ट सांगून पैसे मागा. टोकनच्या पावतीचा फोटो मला पाठवा. त्यावर परतीची अट काय लिहिली आहे ते बघून पुढचं पत्र कसं लिहायचं ते सांगतो.